जनकभू : संध्याकरनंदीचें ‘रामचरित’ व त्याचे वाचक

बनारसजवळ कमौली येथें इ. स. १८९२ मध्यें जे ताम्रपट सांपडले त्यांत वैद्यदेवाचा एक पट आहे. हा वैद्यदेव प्रथम गौडाधिपति कुमारपालाचा सचिव होता व पुढें कामरूपाचा राजा झाला. कुमारपालाचा बाप जो रामपाल, त्याच्याविषयीं या पटांत असें म्हटलें आहे कीं, त्यानें युद्धाचा समुद्र ओलांडला, भीमरूपी रावणास मारिलें आणि रामाप्रमाणें ‘जनकभू’ मिळविली. पटाचें संपादन आर्थर व्हेनिस यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दुसऱ्या खंडांत केलें. रामाला मिळाली ती जनकभू म्हणजे सीता, हें शाळेंतील मूलहि सांगेल. रामपालाला मिळाली ती कोणती? जनकाची भूमि ती मिथिला, असा अर्थ व्हेनिस यांनीं घेतला, व त्यामुळें भीम हा मिथिलेचा राजा ठरला. हातीं असलेल्या साधनांवरून याहून दुसरा अर्थ सुचणें कठीण होतें. तेव्हां त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु एका समासाच्या बळावर एक राजा कांहीं वर्षें मिथिलेच्या गादीवर बसून राहिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्या राजाला तेथून उठविलें तें नेपाळांतून आलेल्या एका ताडपत्री पोथीनें. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांना ती १८९७ सालीं मिळाली, व १९१० मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘मेमॉयर्स’मध्यें त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. काव्याचें नांव ‘रामचरित’, कर्ता संध्याकरनंदी. या ग्रंथानें दाखवून दिलें कीं, रामपालाच्या बाजूनें पाहतां ‘जनक’ हें कोणाचें नांवच नव्हे. जनक म्हणजे बाप, आणि जनकभू म्हणजे बापाची भूमि. पालांची वडिलोपार्जित वरेंद्री, अर्थात् उत्तर बंगाल. भीम हा त्या वरेंद्रीचा कैवर्त राजा होता. मिथिलेशीं त्याचा संबंध नव्हता. ताम्रपट लिहिणाऱ्याला व ऐकणाऱ्याला हा श्लेष परिचित असावा, म्हणूनच तो खुलाशावांचून वापरला गेला.

काव्याची रचना अशी आहे. प्रत्येक आर्येचे दोन अर्थ. एका अर्थानें दाशरथि रामाची कथा चालते, दुसऱ्या अर्थानें रामपालाची. सीतेचें हरण म्हणजे वरेंद्रीचें हरण; सेतुबंध म्हणजे नावांचा मेळ करून गंगा ओलांडणें; रावणाचा वध म्हणजे भीमाचा पाडाव. परिच्छेद चार, आर्या दोनशेंहून थोड्या अधिक, व शेवटीं कविप्रशस्ति. तींत कवि आपलें घराणें सांगतो: पुंड्रवर्धनाजवळचें बृहद्वटु हें स्थान, आजा पिनाकनंदी, बाप प्रजापतिनंदी. हा प्रजापतिनंदी रामपालाचा सांधिविग्रहिक होता. कथा रामपालाच्या पुढें मदनपालाच्या राज्यापर्यंत येते. तेव्हां रचना बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची. सांधिविग्रहिकाच्या घरांत वाढलेल्या मनुष्यास या युद्धाची हकीकत बाजारांत ऐकावी लागली नसेल. तो स्वतःस ‘कलिकालवाल्मीकि’ म्हणवितो. कवींच्या अशा पदव्यांचें आपण फारसें मनावर घेत नाहीं, पण येथें ती पदवी नुसती बढाई नाहीं. वाल्मीकि हा रामाचा समकालीन व त्याच्या कथेंतीलच एक मनुष्य होता, तसाच आपणहि, असें त्याला सुचवावयाचें आहे.

इतिहासाचा भाग थोडक्यांत असा. तिसऱ्या विग्रहपालामागून दुसरा महीपाल गादीवर आला. त्यानें शूरपाल व रामपाल या आपल्या भावांस कैदेंत टाकलें, मंत्र्यांचा सल्ला मोडून अपुऱ्या सैन्यानिशीं बंडखोर सामंतांच्या जुटीवर तो चालून गेला व मारला गेला. वरेंद्री दिव्य नांवाच्या कैवर्ताच्या हातीं गेली. दिव्यामागून रुदोक, व रुदोकामागून त्याचा मुलगा भीम. रामपालानें सामंतांकडे हिंडून, त्यांस जमिनी व द्रव्य देऊन सैन्य उभें केलें, गंगा ओलांडली, हत्तीवर बसून लढणाऱ्या भीमास धरलें आणि शेवटीं त्याला ठार केलें. हें सर्व अकराव्या शतकाच्या अखेरच्या तीसएक वर्षांत घडलें.

आतां प्रश्न असा कीं, हें सर्व काव्यांत आहे काय? आमचें उत्तर असें आहे कीं, काव्यांत तें जवळजवळ नाहीं. तें टीकेंत आहे. नेपाळांत मूळ काव्याबरोबर एका टीकेची पोथीहि मिळाली. टीकाकाराचें नांव तींत नाहीं. स्वतः कवीनेंच ती लिहिली असें कांहींचें मत आहे, इतरांस तें मान्य नाहीं. तथापि टीकाकार त्या घडामोडींपासून फार दूरचा नव्हता, याविषयीं मतभेद नाहीं. ही टीका दुसऱ्या परिच्छेदाच्या ३५ व्या श्लोकापर्यंत येते आणि तुटते. पुढचें काव्य उघडें आहे.

टीकेनें काय केलें याचा एकच नमुना पुरे. दुसऱ्या परिच्छेदाच्या आरंभीं रामाला मिळालेल्या वीरांचें वर्णन करणाऱ्या दोन आर्या आहेत. वरवर पाहतां त्यांत गुण, सिंह, विक्रम, शूर, शिखर, भास्कर, प्रताप, अर्जुन, विजय, वर्धन, सोम अशा शब्दांची माळ आहे. वानरवीरांची स्तुति म्हणून कोणीहि ती वाचून पुढें जाईल. टीकाकार सांगतो कीं, यांतील एकेक शब्द म्हणजे एकेक राजा. गुण म्हणजे कोटाटवीचा वीरगुण. सिंह म्हणजे दंडभुक्तीचा जयसिंह. विक्रम म्हणजे देवग्रामचा विक्रमराज. शिखर म्हणजे तैलकंपचा रुद्रशिखर. प्रताप म्हणजे ढेक्करीचा प्रतापसिंह. एका ‘शूर’ शब्दाखालीं अपरमंदारचा लक्ष्मीशूर व कुजवटीचा शूरपाल असे दोघे बसविले आहेत. अकराव्या शतकांतील बिहार-बंगालच्या सामंतमंडळाची इतकी भरगच्च यादी दुसऱ्या कोणत्याहि एका साधनांत मिळत नाहीं, आणि ती केवळ टीकेनें राखली. तैलकंप म्हणजे पुरुलिया जिल्ह्यांतील तेलकुपी. तेथील देवळांचा मोठा समूह १९५९ च्या सुमारास पंचेत धरणाच्या पाण्याखालीं गेला. रुद्रशिखराचें नांव मात्र एका विशेषणाच्या टिपेंत तरलें आहे. ती टीपच नसती तर कितीहि बुद्धिमान् पंडिताला ‘शिखर’ या शब्दांतून रुद्रशिखर बाहेर काढतां आला नसता. आणि कोणी तो काढलाच असता, तर आम्हीं त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

टीकेवर विश्वास कां ठेवावा? कारण जेथें ताडून पाहतां येतें तेथें ती खरी उतरते. रामपालाचा मामा मथन, हा अंगदेशचा राष्ट्रकूट. (राष्ट्रकूट हें नांव वाचून आमच्या वाचकांचे कान टवकारतील, पण हें बिहारांतलें घराणें आहे, मान्यखेटाशीं त्याचा प्रत्यक्ष धागा जोडण्याची घाई कोणी करूं नये.) या मथनानें पीठीच्या देवरक्षिताचा पराभव केला असें टीका सांगते. सारनाथ येथें सांपडलेल्या कुमारदेवीच्या शिलालेखांत, जो स्टेन कोनो यांनीं संपादिला, हीच गोष्ट येते: महण नांवाच्या मामानें देवरक्षितास जिंकून रामपालाची राज्यलक्ष्मी स्थिर केली. कुमारदेवी ही महणाची दौहित्री व गाहडवाल गोविंदचंद्राची राणी. म्हणजे नेपाळांतली पोथी व काशीजवळची शिळा, दोघींनीं एकमेकींस न विचारतां एकच साक्ष दिली. रामपालानें वसविलेल्या रामावती नगराचेंहि तसेंच. मदनपालाचा मनहलीचा ताम्रपट रामावतीहूनच दिला गेला आहे.

येथवर वाट पक्की आहे. टीका तुटल्यानंतर वाचकांनीं काय केलें, हाच खरा विषय.

श्लेषकाव्य आपल्याकडे अपरिचित नाहीं. धनंजयाचें ‘द्विसंधान’ व कविराजाचें ‘राघवपांडवीय’ हीं दोन्ही मुंबईच्या निर्णयसागरानें काव्यमालेंत काढलीं, आणि जुन्या पिढीच्या पुष्कळ शास्त्रीमंडळींच्या फडताळांत तीं असत. त्यांतहि एका श्लोकांत रामाची व पांडवांची अशा दोन कथा चालतात. पण त्यांत व ‘रामचरितां’त एक मोठा भेद आहे. ‘राघवपांडवीय’ उघडणाऱ्याला दोन्ही कथा आधींच पाठ असतात. त्याचें सुख ओळख पटण्याचें असतें. संध्याकरनंदीच्या पहिल्या श्रोत्यांचेंहि तसेंच होतें: रामकथा त्यांनीं पुराणिकाकडून ऐकलेली, रामपालाची कथा बापाकडून. आज आपल्यापाशीं पहिली कथा आहे, दुसरी नाहीं. ज्या काव्यास मदनपालाच्या सभेंत कोडें म्हणून दाद मिळाली असेल, तें काळानें अर्धें उत्तर काढून घेतल्यामुळें दुर्बोध झालें आहे. यांत कवीचा अपराध निम्माच.

अशा वेळीं अभ्यासक साहजिकच पुढील मार्ग धरतो. रामाचा अर्थ लागला कीं तो शब्दांशीं झगडून रामपालाचा अर्थ बसवितो. बसला कीं त्याला तो कवीचा वाटूं लागतो. आणि दुसऱ्या कोणीं तो उद्धृत केला कीं तो पुरावा होतो. १९३९ मध्यें राजशाहीच्या वरेंद्र रिसर्च म्यूझियमनें या काव्याची नवी आवृत्ति काढली. संपादक रमेशचंद्र मजुमदार, राधागोविंद बसाक व ननीगोपाल बॅनर्जी. पाठ सुधारलेला, इंग्रजी भाषांतर जोडलेलें. असें काम आपल्या प्रांतांतील एखाद्या काव्याचें झालें असतें तर आम्हीं धन्य मानलें असतें. जेथें जुनी टीका नाहीं तेथें संपादकांनीं स्वतः नवी संस्कृत टीका लिहिली, आणि ती आपली आहे हें लपविलें नाहीं. पण वाचणारा घाईंत असतो. बाराव्या शतकाचें संस्कृत व विसाव्या शतकाचें संस्कृत एकाच ग्रंथांत एकामागून एक आलें, म्हणजे दोहोंमधील आठशें वर्षें दिसेनाशीं होतात. ‘रामचरितांत असें म्हटलें आहे’ या वाक्याखालीं पुढें कितीतरी गोष्टी लिहिल्या गेल्या. त्यांतील कोणत्या ३५ व्या श्लोकाच्या अलीकडच्या व कोणत्या पलीकडच्या, हें सांगण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली आहे.

आम्हांला येथें एक कसोटी सुचवावयाची आहे. द्व्यर्थी काव्यांतील प्रत्येक शब्द कवीनें दोन अंगांकरितां शिवलेला असतो, परंतु दोन्ही अंगांस तो सारखाच बसतो असें क्वचित् होतें. जो शब्द रामाच्या अंगावर बेतून शिवल्यासारखा बसतो व रामपालाच्या अंगावर ओढूनताणून येतो, तो रामकथेकरितां आणलेला. इतिहासांत त्याचें वजन थोडें. उलट, जो शब्द रामाच्या बाजूला खटकतो, जेथें वाल्मीकीचा वाचक ‘हें येथें कशाला?’ म्हणून थांबतो, तो कवीनें इतिहासाकरितां सोसलेला असतो. त्याचें वजन मोठें. वानरसेनेच्या वर्णनांत शिखर, वर्धन, सोम हे शब्द इतक्या दाटीनें कां आले, याचें समाधान रामायणांत मिळत नाहीं; टीकेंत मिळतें. तिसऱ्या परिच्छेदांत, जेथें जुनी टीका मुळींच नाहीं, वरेंद्रीच्या वर्णनांत जगद्दल महाविहाराचें नांव येतें व त्याच्याशेजारीं लोकेश व तारा यांचा निर्देश होतो. सीतेच्या वर्णनांत बौद्ध विहाराचें काम काय? तेथें रामाचा अर्थ कष्टानें लावावा लागतो; म्हणून जगद्दल वरेंद्रींत होता ही गोष्ट टीकेवांचूनहि निःशंक घ्यावी.

हीच कसोटी आतां वादाच्या जागीं लावून पाहूं. दिव्य कोण होता? पहिल्या परिच्छेदांतील एका आर्येंत त्याला ‘दस्यु’ व ‘उपधिव्रती’ म्हटलें आहे. उपधि म्हणजे कपट. उपधिव्रती म्हणजे ज्याचें व्रत हें सोंग आहे असा. या एका शब्दावर किती शाई खर्च झाली! महीपालाच्या जुलुमास कंटाळलेल्या प्रजेचा पुढारी तो दिव्य, असें बंगालमधील कांहीं विद्वानांनीं मांडलें. १९३० नंतरच्या दशकांत उत्तर बंगालमध्यें दिव्याच्या स्मृतीचे उत्सवहि होऊं लागले. उलट मजुमदार यांनीं ढाका विद्यापीठाच्या १९४३ मधील ‘बंगालच्या इतिहासा’च्या पहिल्या खंडांत या लोकनायकाला काव्यांत आधार नाहीं असें बजाविलें, दिव्य हा कर्तव्याचा बहाणा करून राज्य बळकावणारा अधिकारी, असा त्यांचा कल. एका पक्षास ‘दस्यु’ शब्द म्हणजे शत्रूनें दिलेली शिवी वाटते, दुसऱ्यास ती साक्ष वाटते.

पण ‘उपधिव्रती’ हा शब्द मूळ कोणासाठीं शिवला? सीतेच्या दारीं भिक्षापात्र घेऊन उभा राहिलेला, यतीचा वेष घेतलेला रावण डोळ्यांपुढें आणा. सोंगाचें व्रत घेतलेला दस्यु, जनकभूचें हरण करणारा: या ओळखीला एक अक्षरहि कमी नाहीं कीं अधिक नाहीं. रावणाला हा शब्द असा तंतोतंत बसतो कीं, तो त्याच्याकरितांच आणला हें उघड आहे. दिव्याला तो लागू करावयाचा म्हणजे मग त्याचें व्रत कोणतें, बहाणा कोणता, हें आपल्याला कल्पावें लागतें. टीकाकारानेंहि येथें शब्दाची फोड केली आहे. दिव्यानें प्रत्यक्ष काय सोंग केलें ही हकीकत दिली नाहीं, आणि सामंतांचीं नांवें गांवांसह देणारा हा मनुष्य हकीकत माहीत असतां ती गिळून बसला असता असें वाटत नाहीं. तात्पर्य, या शब्दावरून दिव्य कपटी होता असें ठरत नाहीं. तो लोकनायक होता असेंहि ठरत नाहीं. जो शब्द रावणाचा, त्यानें कैवर्ताचा न्याय करूं नये. दिव्यानें वरेंद्री घेतली व ती त्याच्या घराण्यांत तिसऱ्या पुरुषापर्यंत टिकली, एवढें निश्चित; आणि राज्य असें टिकतें तेव्हां त्याला केवळ लुटारूंची टोळी म्हणतां येत नाहीं, हेंहि आमच्या मतें निश्चित.

दुसऱ्या परिच्छेदाच्या चाळिसाव्या श्लोकाच्या आसपास भीमाच्या बाजूचे नग्न, धनुष्यबाण घेतलेले व रेड्यांवर बसलेले सैनिक येतात. रामशरण शर्मा यांच्यासारख्या विद्वानांनीं त्यांत शेतकऱ्यांचें बंड पाहिलें: ज्यांच्यापाशीं घोडे नाहींत, चिलखत नाहीं, ते नांगराचीं जनावरें घेऊन रणांत उतरले. चित्र असें जिवंत आहे कीं, तें खरें असावें असें कोणासहि वाटेल. पुढें बंगाली कादंबरीलाहि या कैवर्तांनीं विषय पुरविला; महाश्वेतादेवींचें ‘कैवर्त खंड’ सर्वश्रुत आहे. पण ३५ च्या पुढचा हा प्रदेश आहे. येथें हात धरावयाला टीकाकार नाहीं. आणि रामाच्या बाजूनें पाहिलें तर हे कोण? राक्षसांची सेना. गाढवें, उंट असल्या विचित्र वाहनांवरून येणारे, उघडेबागडे, भेसूर राक्षस वाल्मीकीपासून आपल्या ओळखीचे आहेत. रेडा हें तर यमाचेंच वाहन. कवीनें रेडा शेतांतून आणला कीं यमलोकांतून, हें आमच्या कसोटीनें सांगतां येत नाहीं. दोन्ही बाजूंस तो सारखाच शोभतो. अशा जागीं इतिहासकारानें ‘संभव आहे’ एवढेंच लिहावें. शेतकऱ्यांच्या बंडाची कल्पना खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तिचा भार या रेड्यांच्या पाठीवर घालूं नये, इतकेंच.

तीच गोष्ट काव्याच्या मौनाची. महीपालानंतर शूरपाल राजा झाला, हें मनहलीच्या ताम्रपटावरून स्पष्ट आहे. काव्यांत शूरपाल कैदेंत दिसतो, राज्यावर दिसत नाहीं. या मौनांतून रामपालावर भावाच्या खुनाचा संशय घेण्यापर्यंत मजल गेलेली आहे. परंतु रामाच्या कथेंत रामाच्या आधीं राज्य करणारा थोरला भाऊ आहे कोठें? ज्या मनुष्यास रामायणांत जागा नाहीं त्यास संध्याकरनंदी कोठें बसविणार? सांचा ज्याचा त्याच्या सोईचा. त्यांत न मावलेलें सारें कवीनें दडविलें असें म्हणणें म्हणजे पागोट्यांत पाय कां जात नाहीं म्हणून रागावणें होय. हाच प्रकार उलट बाजूनें रामपालाच्या मृत्यूचा. मथन मामा वारल्याचें ऐकून रामपालानें मुद्गगिरि, म्हणजे मुंगेर, येथें गंगेंत देह ठेवला असें काव्य सांगतें. राम लक्ष्मणामागून शरयूंत गेला, तसा हा गंगेंत. अगदीं सांच्यांतली गोष्ट, म्हणून संशय घ्यावा. पण ‘शेकशुभोदया’ या मागाहूनच्या भेसळ ग्रंथांतहि रामपालाचा अंत गंगेंतच होतो, मात्र निराळ्या कारणासाठीं. तेव्हां गंगा खरी धरावी व कारण सोडून द्यावें, असें आम्हांस वाटतें. मुद्गगिरीचें नांव रामाच्या बाजूस लागत नाहीं, हेंहि गंगेच्याच बाजूचें प्रमाण.

आता काव्य म्हणून या ग्रंथाची किंमत काय? आपल्या आलंकारिकांनीं असल्या रचनेस चित्रकाव्य म्हणून खालच्या पायरीवर बसविलें आहे, आणि ‘रामचरित’ सलग वाचतांना त्यांचें म्हणणें पटतें. मराठी वाचकाला आर्या म्हटली कीं मोरोपंत आठवतो. पंतांनींहि एकशेंआठ रामायणें रचतांना शब्दांचे नाना खेळ केले, ओंठांस ओंठ न लागणारें रामायणहि लिहिलें. पण त्यांची आर्या खेळतांना धांवते. संध्याकरनंदीची आर्या पायांत दोन बेड्या घालून चालते. महीपालाचा अविचार, भावांची कैद, सामंतांच्या दारोदार हिंडणारा राजपुत्र, एवढीं करुण स्थळें हातीं असतां एकहि मनास भिडत नाहीं, कारण वाचकाचें सारें लक्ष पदच्छेदाकडे. आपल्या परमानंदानें शिवभारत लिहितांना शिवाजीस विष्णूचा अवतार केलें, पण अफझलखानास अफझलखानच राहूं दिलें. दिवेकरांनीं १९२७ मध्यें तें छापल्यापासून त्यांतील घटना कोणी ओळखूं शकला नाहीं असें झालें नाहीं. दैवी रंग व इतिहास एकत्र नांदूं शकतात, त्याला प्रत्येक शब्द चिरण्याची गरज नाहीं, याचें हें घरचें उदाहरण.

तथापि दोन ठिकाणीं आम्हीं थांबलों. एक, भीमाची स्तुति. दुसऱ्या परिच्छेदांत कवि आपल्या धन्याच्या शत्रूचें कित्येक आर्या भरून गुणगान करतो: त्याच्या ठायीं लक्ष्मी व सरस्वती एकत्र होत्या, त्याच्या आश्रयानें लोक सुखी झाले. रावणाचेंहि ऐश्वर्य वाल्मीकीनें गायिलें आहे व शत्रु मोठा म्हणजे जेता मोठा हा संकेत जुनाच. म्हणून कसोटी येथें डळमळते हें आम्हीं कबूल करतों. पण संकेताला चार ओळी पुरतात. इतक्या आर्या लिहिणारा वरेंद्रीचाच रहिवासी होता, आणि भीमाच्या राज्यांत सुखानें नांदलेलीं माणसें त्यानें लहानपणीं पाहिलीं असण्याचा संभव आहे.

दुसरें ठिकाण ‘जनकभू’ हेंच. सर्व काव्यांत एवढा एक श्लेष असा आहे कीं, तो जोडलेला वाटत नाहीं, सांपडलेला वाटतो. हरण झालेली जनकाची मुलगी आणि हातची गेलेली बापाची भूमि हीं एका शब्दांत आधींच होतीं. कवीला तीं फक्त दिसलीं. आणि बृहद्वटूच्या नंदीकुळांतील या मनुष्यास ती भूमि केवळ पालांची नव्हती. सीतेच्या विरहांत रामाचा जो शोक, तो येथें वतनास मुकलेल्या मनुष्याचा शोक होतो. वतन म्हणजे काय हें महाराष्ट्रांतील कागद वाचणाऱ्यांस निराळें सांगावयास नको. वैद्यदेवाच्या प्रशस्तिकारानें नेमका हाच शब्द उचलला, आणि कमौलीच्या तांब्यावर तो उमटला, यावरून त्या काळच्या श्रोत्यांनाहि काव्यांतील ही एक जागा कळली होती असें दिसतें.

शेवटीं पोथ्या जमविणाऱ्या मंडळींकरितां थोडेंसें. आपल्या संग्रहांत मूळ ग्रंथाच्या पूर्ण पोथीला मान मिळतो, रेशमी बासन मिळतें. टीकेचीं सुटीं पानें गठ्ठ्यांत बांधून माळ्यावर जातात. ‘रामचरिता’चें मूळ तेवढें मिळालें असतें व टीका नसती, तर आज आपण त्याला रामायणावरील एक क्लिष्ट काव्य म्हणून यादींत नोंदविलें असतें आणि भीम मिथिलेंतच राहिला असता. २०१० मध्यें पाँडिचेरीहून सिल्व्हें ब्रोके यांची फ्रेंच भाषांतरासह आवृत्ति निघाली. तींतहि ३६ व्या श्लोकापासून पुढें आधुनिक पंडिताच्या बुद्धीचाच आधार आहे. जुनी टीका पुढें लिहिली गेली असेल तर तिचीं पानें कशीं ओळखावीं? लिपि जुनी बंगाली, मजकूर गद्य, प्रत्येक पदाचे दोन अर्थ, एकीकडे राम, सीता, लंका, दुसरीकडे भीम, वरेंद्री, रामावती. अशा पानावर वरवर पाहणाऱ्याला रामाचेंच नांव आधीं दिसेल. तेव्हां कोठें असलेंच तर तें रामायणाच्या टीकांच्या गठ्ठ्यांत असेल, इतिहासाच्या नव्हे.